कल्याणीच्या चिखलात रुतलेल्या तोफा

सीमाप्रश्नाची धग जरा वाढली, की एक आरोळी हमखास कानी येते. “पुरे झाल्या अर्जविनंत्या! एकदाच काय ते हद्दीपलीकडे घुसू, झेंडा रोवू आणि निकाल लावून टाकू!” ही आरोळी बहुधा सीमेपासून शंभर-दोनशे मैल दूर असलेल्या व्यासपीठावरून उठते. टाळ्याही तेथेच पडतात. आरोळी देणारा रात्रीच्या गाडीने घरी परततो आणि दुसऱ्या दिवशी फुटलेल्या काचांचा, बंद पडलेल्या एस.टी.चा आणि बुडालेल्या बाजाराचा हिशेब मात्र भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद येथल्या माणसाला चुकवावा लागतो.

आरोळी देणाऱ्यांचा संताप लटका आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९५६ पासून पिढ्यांमागून पिढ्या वाट पाहण्यात गेल्या. संताप येणार नाही तर काय येणार? पण संतापाला डोळे असावे लागतात. मोहिमेने मुलूख मिळतो की नाही, मिळाला तर टिकतो की नाही, आणि फसली तर तिची किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांची उत्तरे धुंडाळायला परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. ती आमच्याच बिदर जिल्ह्यात, बसवकल्याणच्या किल्ल्याच्या तटाखाली पुरलेली आहेत. सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथे एक मोठी मोहीम आली, चिखलात रुतली आणि परत गेली. तिची कथा सीमाभागातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने एकदा नीट समजून घ्यावी अशी आहे.

कल्याणी कोणाची?

कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. अकराव्या शतकात चालुक्यांनी येथे राजधानी केली. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात येथेच विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि तिच्या आधाराने पुढे कित्येक शतके हिंदुस्थानभर वारसाहक्काचे निवाडे झाले. वाटणीचा कायदा ज्या गावाने देशाला दिला, त्याच गावाच्या वाटणीचा निवाडा कोणाला धडपणे करता आला नाही, हा दैवाचा केवढा उपहास! बाराव्या शतकात बसवेश्वर मंगळवेढ्याहून याच कल्याणीस आले आणि त्यांनी शिवशरणांची मांदियाळी जमवली. मंगळवेढे आज महाराष्ट्रात आहे, कल्याण कर्नाटकात. बसवण्णांना ही वाट चालताना कोणी परवाना विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढे बहमनी सत्ता आली. १३४७ मध्ये तिचे तख्त गुलबर्ग्यास मांडले गेले, पंधराव्या शतकात ते बिदरला गेले, आणि त्या शतकाच्या अखेरीस सलतनतीची शकले उडाली. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, बिदरची बरीदशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि वऱ्हाडची इमादशाही अशा पाच जणांत दख्खन वाटले गेले. आणि कल्याणी नेमकी अशा जागी पडली, की तिच्यावर एक नव्हे, तीन घरांचा डोळा! उत्तरेला निजामशहा, दक्षिणेला आदिलशहा आणि हाकेच्या अंतरावर बिदरचा बरीद. ज्याच्या हाती कल्याणी, त्याच्या हाती सोलापूर, नळदुर्ग आणि बिदर या वाटांची किल्ली. आजच्या भाषेत बोलायचे तर कल्याणी हा त्या काळचा ‘वादग्रस्त सीमाभाग’ होता.

साडेपाच परगण्यांचे भांडण

या भांडणाचे मूळ मोठे मजेदार आहे. परांड्याचा ख्वाजा जहान आणि त्याचा भाऊ जैनखान यांच्यात अकरा परगण्यांची निम्मेनिम्म वाटणी होती; प्रत्येकी साडेपाच! सोलापूरकडचे साडेपाच परगणे आदिलशहाने बळकावले. १५२४ मध्ये सोलापुरास निजामशाही आणि आदिलशाही या घराण्यांत सोयरीक झाली आणि इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम ही बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली. “सोलापूर हुंड्यात देण्याचे ठरले होते,” असे नवऱ्याकडचे म्हणू लागले. “असे काही ठरलेच नव्हते,” असे वधूपक्ष म्हणू लागला. झाले! लग्नघरातली ती कुरबूर चाळीस वर्षे तोफांच्या तोंडाने बोलत राहिली. या चाळीस वर्षांत सोलापूर कितीदा इकडून तिकडे गेले आणि तिकडून इकडे आले! कल्याणीही त्याच ओढाताणीत सापडली. निजामशहाने औसा, उदगीर आणि कंधार हे किल्ले घेतले, तेव्हा घाबरलेल्या बरीदाने मदतीच्या मोबदल्यात कल्याणी आदिलशहाला देऊ केली. १५४९ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने ती आदिलशहाच्या हातातून हिसकावली, तर आदिलशहाने उलट परांडा पटकावला. त्या परांड्याच्या किल्लेदाराची एक गोष्ट तवारिखांत आहे. रात्री कानाशी डास गुणगुणला, तो त्याला निजामशाही फौजेचा कर्णा वाटला आणि किल्ला सोडून स्वारी पसार झाली! ज्या मातीशी आपले काही नाते नाही, तिच्या रक्षणासाठी कोण थांबतो? डासाच्या गुणगुणण्यानेदेखील असा रखवालदार पळतो.

१५६३ ची मोहीम

बुऱ्हाणाच्या मागे हुसेन निजामशहा गादीवर आला. विजापुरास अली आदिलशहाचे राज्य सुरू झाले. अलीने विजयनगरच्या रामरायाशी संधान बांधले आणि सोलापूर व कल्याणी परत मागितली. हुसेनने नकार दिला. तेव्हा रामराया, आदिलशहा आणि कुतुबशहा असे तिघे मिळून अहमदनगरवर चालून गेले. हुसेनचा पुरता पाडाव झाला आणि १५६१ च्या सुमारास त्याला कल्याणी सोडून द्यावी लागली. वर रामरायाच्या छावणीत जाऊन त्याच्या हातून विडा घेण्याचा अपमानही गिळावा लागला.

हा काटा हुसेनच्या मनात सलत राहिला. १५६३ मध्ये त्याने मोहीम उघडली. कालपरवाचा शत्रू इब्राहीम कुतुबशहा आता दोस्त झाला. कल्याणीजवळ दोन्ही फौजा भेटल्या आणि तेथेच, छावणीत, हुसेनने आपली मुलगी बीबी जमाल हिचा निकाह कुतुबशहाशी लावून दिला. वरातीचा उत्सव आटोपला आणि सासरा-जावई मिळून कल्याणीला वेढा घालून बसले. हुसेनचा तोफखाना त्या काळी दख्खनमध्ये नावाजलेला होता. किल्ला आज पडतो की उद्या, एवढाच प्रश्न उरल्यासारखे वाटत होते.

पण अली आदिलशहा हात बांधून थोडाच बसणार होता? त्याने पुन्हा रामरायाला साद घातली. बिदरचा अली बरीद आणि वऱ्हाडचा इमादशहा हेही त्याला जाऊन मिळाले. एवढा मोठा कटक चालून येतो आहे हे पाहून हुसेनने वेढा उठवला, बायकामुलांना औशाच्या किल्ल्यात धाडले आणि तो शत्रूवर चालून निघाला. आणि आभाळ फाटले! वादळ आणि पाऊस असा कोसळला की तंबू उडाले, गुरे बुजली आणि काळ्या मातीत तोफांची चाके आसापर्यंत रुतली. बैलांनी ओढावे तो चाक आणखी खोल जावे. तिकडे कुतुबशहाच्या छावणीवर हल्ला होताच जावईबापू रणातून निघून गेले. हुसेनला माघारीवाचून गती उरली नाही. सातशे तोफांतून जेमतेम चाळीस त्याच्यापाशी उरल्या, असा तवारिखकारांचा आकडा आहे. आकडा थोडा फुगवलेला असेलही. पण बाकीचा तोफखाना कल्याणीच्या रानात पडून राहिला आणि शत्रूला आयता मिळाला, याबद्दल दुमत नाही.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. मोहीम फसली म्हणजे मोहीमवाला आपल्या घरी सुखरूप जाऊन बसतो असे नाही. शत्रू त्याच्या पावलांवर पाऊल टाकून दारात येतो. रामराया आणि आदिलशहा यांनी अहमदनगरला वेढा घातला. वाटेतला मुलूख लुटला गेला, गावे जळाली, उभी पिके घोड्यांच्या टापांखाली गेली. मग सीना नदीला अवचित महापूर आला आणि नदीकाठी पडलेल्या विजयनगरच्या छावणीची दाणादाण झाली, म्हणून अहमदनगर वाचले. आणि जिंकलेल्या आदिलशहाच्या पदरी काय पडले? मदतीचे मोल म्हणून रामरायाने परतताना त्याच्याच मुलखातला लचका तोडला. हरला तो बुडाला आणि जिंकला तोही नागवला!

दोष पावसाचा नव्हे

हुसेनच्या दरबारात या पराभवाचे खापर अर्थातच आभाळावर फोडले गेले असेल. “पाऊस आडवा आला हो, नाही तर...!” फसलेल्या प्रत्येक मोहिमेला असा एखादा पाऊस सापडतोच. आम्हांला ही सबब मान्य नाही. पाऊस मृगाचा असो की अवकाळी, बिदर-कल्याणीची काळी माती ओली झाली की चाक धरते, हे पेरणीला निघालेल्या कोणत्याही कुणब्याच्या पोराने सांगितले असते. पण त्या पोराला विचारतो कोण?

पाऊस हीच अडचण असती, तर आणखी दोन मोहिमांचा निकाल तसाच लागायला हवा होता. पहिली महमूद गावानची. त्याच्या आधी, १४५३ मध्ये, बिदरहून खलफ हसन हा सरदार कोकण आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, काबीज करायला निघाला होता. शिर्क्यांनी त्याला वाट दाखवतो म्हणून घनदाट अरण्यात नेले आणि तेथे त्याची फौज कापली गेली. अनोळखी मुलखात बळाच्या गुर्मीने घुसणाऱ्याची ही गत! सोळा-सतरा वर्षांनी गावान त्याच कामगिरीवर निघाला, तेव्हा त्याने घाई केली नाही. जंगल तोडीत, वाटा मोकळ्या करीत तो पुढे सरकला. पावसाळा आला, तेव्हा कोल्हापुरास गवती खोपटी उभारून तो चार महिने बसून राहिला आणि उघडीप होताच पुन्हा उठला. खेळणा शेवटी त्याच्या हाती आला. दुसरी मोहीम औरंगजेबाची. १६५७ च्या मार्चमध्ये त्याने बिदर घेतले, मे महिन्यात याच कल्याणीला वेढा घातला आणि ऐन पावसाळ्यात चिकाटीने लढवून ऑगस्टच्या आरंभी किल्ला ताब्यात घेतला. आकाश तेच, माती तीच, किल्ला तोच. निकाल मात्र वेगळा!

या दोघांचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. तेही आक्रमकच होते. पण तयारी आणि तडफ यांतला फरक त्यांच्या उदाहरणाने लख्ख दिसतो. हुसेनपाशी तडफ होती. तयारी नव्हती. भरवशाचा दोस्त नव्हता. जो होता, तो स्वतःच्या सोयीपुरता होता. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, ज्या कल्याणीसाठी एवढा खटाटोप चालला होता, त्या कल्याणीच्या रयतेला या भांडणात काडीचे स्थान नव्हते. तिला निजामशहाही नको होता आणि आदिलशहाही नको होता. तिला पेरणी हवी होती. सोलापूर ही हुंड्याची वस्तू आणि कल्याणी हे सुडाचे निमित्त! माणसे कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

शेवट तर अधिकच बोलका आहे. ज्या सोलापुरापायी चाळीस वर्षे रक्त सांडले, ते १५६४ च्या सुमारास हुसेनने आपली मुलगी चांदबिबी हिच्या लग्नात आदिलशहाला हुंडा म्हणून देऊन टाकले. कारण आता दोघांना मिळून रामरायावर चालून जायचे होते. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली ती याच सोयरिकीच्या बळावर. लग्नाने सुरू झालेले भांडण लग्नानेच मिटले. मधल्या मध्ये मेले ते शिपाई आणि शेतकरी!

मराठ्यांच्या इतिहासातही याचा दाखला आहे. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले आणि तहात साठ लाखांचा मुलूख लिहून घेतला. आमची छाती आजही त्या विजयाने फुगते. पण पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले आणि निजामाने उचल खाऊन त्यातला बराच भाग परत मिळवला. जिंकणे एका दिवसाचे असते, नांदवणे पिढ्यांचे.

सुलतानांचा दावा आणि आमचा दावा

आता कोणी विचारील, “मग तुमचा सीमालढा आणि सुलतानांची साठमारी यांत फरक तो काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही उघडपणे देतो. सुलतानाचा दावा जमिनीवर होता, आमचा दावा माणसांच्या इच्छेवर उभा आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही त्याची चार तत्त्वे आहेत. ती आम्ही आकाशातून काढलेली नाहीत. आंध्र आणि मद्रास यांचा सीमातंटा पाटसकरांनी खेडे हाच घटक धरून सोडवला आणि १९६० मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. एका सीमेला लावलेली फूटपट्टी दुसऱ्या सीमेला का लावायची नाही, हा आमचा साधा प्रश्न आहे.

१९५६ मध्ये जुन्या हैदराबाद राज्याची फाळणी झाली, तेव्हा आमच्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले; जहिराबाद, नारायणखेडचा भाग आंध्रात गेला; बिदर, भालकी, हुमनाबाद आणि संतपूर, म्हणजे औराद, म्हैसूर राज्यात राहिले. तालुका अखंड उचलून टोपलीत टाकला गेला. त्या तालुक्यातल्या कडेच्या खेड्यात कोणती भाषा बोलतात, हे पाहण्याची तसदी घेतली गेली नाही. नदीच्या अल्याड सोयरे, पल्याड सोयरे आणि मध्ये राज्याची हद्द! सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्रास आणि अक्कलकोटकडच्या भागासह २४७ गावे कर्नाटकास देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर नाकारले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याला आता दोन दशके उलटून गेली आहेत.

या तत्त्वांची धार दोन्ही बाजूंनी आहे, हेही आम्ही लपवून ठेवीत नाही. खेडे हा घटक म्हटला, की भालकीच्या मराठी खेड्याला जो न्याय, तोच अक्कलकोटच्या आणि जतच्या कन्नड खेड्याला द्यावा लागेल. ते आम्हांला मान्य आहे का? होय, मान्य आहे! जो हे मान्य करीत नाही त्याला न्याय नको, फक्त मुलूख हवा आहे. आणि त्याने आपले नाव हुसेन निजामशहाच्या दप्तरात नोंदवावे. बिदर आणि कलबुर्गी हे काही एका भाषेचे जिल्हे नव्हेत. येथे कन्नड आहे, मराठी आहे, उर्दू आहे, तेलुगू आहे. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा भाषांत भजने रचली. अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापुरास मराठी माणसांची रीघ लागते, आणि ज्या गुरुचरित्राने तिला वाट दाखवली, त्याचा कर्ता सरस्वती गंगाधर हा मूळचा कन्नडभाषक मानला जातो. आमचा कन्नड शेजारी आमचा शत्रू नाही. शासनाच्या एका अन्यायाविरुद्ध आमची फिर्याद आहे, शेजाऱ्याविरुद्ध नाही.

आजचे तोफखाने

आणि तरीही तोफा रुतवण्याची हौस काही फिटत नाही. डिसेंबर २०२२ आठवा. सीमाप्रश्नाच्या समन्वयासाठी नेमलेल्या महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा जाहीर झाला. कर्नाटक सरकारने विरोध केला, जिल्हा प्रशासनाने प्रवेशबंदी केली. दौरा पुढे ढकलला गेला आणि मग तो झालाच नाही. पण ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसांना काळे फासले गेले. त्या गाड्या चालवणाऱ्या चालकांनी कोणता मुलूख बळकावला होता? त्याच सुमारास कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत आणि अक्कलकोटवर हक्क सांगितला. म्हणजे पलीकडच्या बाजूलाही तोफा तयारच होत्या! दोन्ही विधिमंडळांत ठराव झाले. महाराष्ट्राच्या २७ डिसेंबरच्या एकमुखी ठरावात ८६५ गावांचा आणि बिदर-भालकीचाही उच्चार झाला. केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले आणि दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री नेमण्याचे ठरले. ठराव झाला याचा आम्हांला आनंद आहे. पण ठरावात नाव आले म्हणून औरादच्या मराठी शाळेत मास्तर आला का, एवढे ठराव करणाऱ्यांनी आम्हांला सांगावे!

जाहीर करून न निघालेली मोहीम ही फसलेल्या मोहिमेपेक्षाही वाईट असते. फसलेल्या मोहिमेत निदान धैर्य असते. न निघालेल्या मोहिमेत फक्त कर्णा असतो, आणि त्या कर्ण्याने शत्रू जागा होतो व आपलाच माणूस उघड्यावर पडतो.

कागदाची लढाई

मग करायचे काय? स्वस्थ बसायचे? मुळीच नाही! महमूद गावानच्या शहरात राहणाऱ्यांना चिकाटी कोणी शिकवावी? आणि कागदाचे सामर्थ्य तरी? याच गावानच्या मोहरेचे एक बनावट पत्र शत्रूंनी तयार केले आणि तेवढ्या एका कागदावर १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. १४७२ चा त्याचा मदरसा बिदरमध्ये आजही उभा आहे. त्याच्या सावलीतून जाताना प्रत्येकाने एवढे मनात बाळगावे, की खोटा कागद जर प्रधानाचे मस्तक उडवू शकतो, तर खरा कागद एखाद्या गावाचे भाग्यही फिरवू शकेल.

न्यायालयात तोफ चालत नाही, पुरावा चालतो. गावोगावच्या जुन्या सातबाऱ्यांत, खरेदीखतांत, देवस्थानांच्या इनामपत्रांत, ग्रामपंचायतींच्या जुन्या ठरावांत आणि शाळांच्या दाखलखारिज वह्यांत मराठी कोठे कोठे आहे, त्याची यादी आपणच केली पाहिजे. वाळवी लागलेले दप्तर हा रुतलेला तोफखानाच समजा. शिरगणतीचा कारकून दारी येईल, तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते, ते प्रत्येक घराने डोळ्यांनी पाहावे.

ज्या १९५६ सालाने आमच्यावर ही हद्द लादली, त्याच सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने आमच्या हाती एक हत्यारही दिले आहे. घटनेच्या ३५० अ या कलमाने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. ३५० ब या कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला जातो. मान्य झालेल्या संरक्षणयोजनेनुसार एका वर्गात दहा किंवा सबंध शाळेत चाळीस मुले असली, तर मातृभाषेच्या शिक्षकाची मागणी करता येते; जेथे एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्क्यांवर आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेत प्रसिद्ध व्हावे लागतात. आमचा सवाल असा, की किती गावांनी हा हक्क लेखी मागितला? दहा मुलांची नावे एका कागदावर लिहून, पालकांच्या सह्या घेऊन, पोच घेऊन अर्ज दिला, असे किती पंच छातीवर हात ठेवून सांगू शकतील? निकाल येईल तेव्हा येईल. पण तोवर गावात मराठी वाचणारे मूलच उरले नाही, तर त्या निकालाचे वाचन करणार कोण?

हे काम कंटाळवाणे आहे, आम्हांला ठाऊक आहे. त्याला हार नाहीत, ढोल नाहीत, वर्तमानपत्रात फोटो नाही. पण एक लक्षात ठेवा. मोर्चा काढू नका असे आम्ही म्हणत नाही. सत्याग्रह हा आमचा हक्क आहे आणि प्रसंगी तुरुंगात जाण्याची आमची तयारी आहे. मात्र मोर्चा येथल्या माणसाने, येथल्या हवामानाचा आणि येथल्या मातीचा विचार करून, येथल्या मागणीसाठी काढलेला असावा. त्यात कन्नड दुकानदाराच्या दुकानावर एकही दगड पडता कामा नये; नाही तर आमच्या न्याय्य दाव्याला सुलतानी सुडाचा वास लागेल. आणि मुंबईतल्या व बंगळुरातल्या पुढाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की तुमच्या सोयरिकी आणि तुमची भांडणे तुमच्या घरी ठेवा. सीमाभाग हा कोणाच्या लग्नातला हुंडा नव्हे आणि कोणाच्या निवडणुकीतला आहेरही नव्हे!

येत्या शाळेच्या मोसमापूर्वी भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतल्या प्रत्येक मराठी वस्तीने दहा मुलांचा एक अर्ज लिहावा, त्यावर सह्या घ्याव्यात, तो कचेरीत द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. अर्ज नाकारला तर नकारही लेखी घ्यावा; तोही पुरावाच आहे. शंभर गावांचे शंभर अर्ज म्हणजे शंभर साक्षीदार. त्यांना ना पाऊस अडवू शकत, ना चिखल, ना कोणाची प्रवेशबंदी. सीमाबांधवहो, आपली मोहीम ही आहे. ती उद्या सकाळी निघू द्या!